चार हजार हर्ट्झचा खड्डा

पंचवटीच्या भाजीबाजारात कुणाशी बोलायला लागले, की माझा हात आपोआप तोंडापुढे येतो. मेथीवाल्या मावशींनी एकदा काळजीनं विचारलं, "बाई, दात दुखतोय का?" दात ठणठणीत आहेत. ही सवय नोकरीची. नोकरी सुटली, सवय राहिली. निवृत्त माणसाच्या हाती तसंही सवयींखेरीज फारसं काही उरत नाही.

मी नाशिकच्या एका रुग्णालयात कान तपासायचं काम केलं. डॉक्टर म्हणून नव्हे. कानात उजेड पाडून बघतात ते डॉक्टर. माझी पाळी त्यांच्यानंतर. काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन लावायचा, लाल बाजू उजव्या कानाला, निळी डाव्या, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "टूं ऐकू आलं की दाबा. कितीही बारीक आलं तरी दाबा." सगळी नोकरी या दोन वाक्यांवर काढली. आमचे यजमान म्हणायचे, तुझा पुतळा उभारला तर खाली हेच कोरतील. पुतळा राहू दे, रुग्णालयानं निरोपाला शाल दिली तीही वासाची निघाली.

आता थोडं शिकवते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आवाज म्हणजे हवेची थरथर. एका सेकंदात ती किती वेळा होते, ते मोजायचं एकक म्हणजे हर्ट्झ. एका जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून पडलेलं. मी लागले तेव्हा आमच्याकडे एक जुनाट मशीन होतं, त्याच्या चकतीवर हर्ट्झ नव्हतं, सी.पी.एस. होतं. सायकल्स पर सेकंद, सेकंदाला किती फेरे. मला ते जुनं नाव जास्त आवडायचं. काय मोजायचं ते नावातच होतं. चौकातला ट्रान्सफॉर्मर गुंगुं करतो तो शंभर हर्ट्झच्या आसपास. रातकिडा किरकिरतो तो चार हजारांच्या घरात. आणि आवाज किती जोरात आहे, ते डेसिबलमध्ये मोजतात. ती मोजणी वेगळी. जोर वेगळा आणि जागा वेगळी, एवढं ज्याला समजलं त्याला माझं निम्मं काम समजलं. शिकल्यासवरलेल्यांनाही ते समजवता समजवता माझा घसा बसला.

बोलण्यातसुद्धा सगळी अक्षरं एका जागी वाजत नाहीत. आ, ओ, ऊ हे खालच्या हर्ट्झचे, चांगले धडधाकट. स, श, त, थ, च, फ ही वरच्या हर्ट्झची आणि नाजूक. शब्द ओळखू येतो तो मुख्यतः या नाजूक मंडळींमुळे. ती गेली की माणसाला आवाज ऐकू येतो, पण बोलणं कळत नाही. असा माणूस बहिरा दिसत नाही, म्हणून त्याला कुणी बहिरा म्हणत नाही. तुसडा म्हणतात. लक्ष नसतं म्हणतात.

कारखान्यातला गोंगाट कुठल्याही हर्ट्झचा असो, कान पहिला मार खातो तो चार हजारांपाशी. त्याची घडणच तशी आहे. तपासणीच्या आलेखावर रेघ सरळ चाललेली असते आणि चार हजारांवर एकदम खाली जाते. आम्ही त्याला खड्डा म्हणायचो. मग तो रुंदावत जातो, तीन हजारांना गिळतो, दोन हजारांच्या काठाशी येतो. दुखत नाही, रक्त येत नाही, कुणी रजा देत नाही.

तोंडावरच्या हाताचं मूळ मालेगावात आहे. तिथे यंत्रमाग कामगारांचं शिबिर होतं. पहिलेच एक चाचा आले. नाव विचारलं, सांगितलं. वय विचारलं, सांगितलं. मी म्हटलं, वा, या माणसाचे कान शाबूत आहेत. मग कपाटाकडे वळून पुढचा प्रश्न विचारला, तर उत्तरच नाही. वळून बघितलं तर चाचा शांतपणे माझ्या पाठीकडे बघत बसलेले. चार हजारांवर त्यांना काही ऐकू येत नव्हतं, दोन हजारांवरही नाही. मागांच्या खडखडाटात आवाज पोचतच नाही, म्हणून ते लोक आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात, आणि दहा माग पलीकडचा माणूस ते वाचतो. चाचा हसून म्हणाले, "बाजी, वहाँ आवाज़ का काम ही क्या है? होंठ देख लेते हैं." त्या दिवसापासून पेशंटशी बोलताना मी तोंड झाकायला लागले. ओठ दिसले की कानाचं खरं कळत नाही.

दत्तूभाऊ घुग्यांनी मात्र तोंडावरच्या हातालाही पुरून उरायचं ठरवलं होतं.

ते अंबडकडच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. लोखंडी पत्र्यावर दाब मारून त्याला आकार देणारं ते अवजड धूड. एकेका ठोक्याला जमीन हादरते, आणि अशा प्रेसची रांगच्या रांग. माणूस मूळचा सिन्नरकडचा, उंच, मिशा पिळलेल्या, तोंडात कायम चेष्टा. कारखान्याची बस दरवर्षी कामगारांना तपासणीला आणायची, त्यात हे पहिल्या सीटवर.

"मॅडम, औंदा तुमचं मशीन बारीक बोलतंय."

"मशीन तेच आहे, दत्तूभाऊ."

"मंग करंट कमी आसंल."

खोलीत बसले की त्यांची नजर काचेतून माझ्या खांद्यावर. मी कळ दाबली की खांदा जरासा हलतो, हे त्यांनी हेरलं होतं. खांदा हलला की बटण. मी खुर्ची फिरवून बसले, तर त्यांनी ठेका धरला. ठरावीक वेळ गेला की बटण. मग मी काहीच वाजवलं नाही, नुसती बसून राहिले. तरी बटण दाबलं गेलंच.

"भाऊ, मी काही वाजवलेलं नाही."

"मंग मनातलं वाजलं आसंल माझ्या."

हसू यायचं. पण आलेख हसण्यासारखा नव्हता. दर वर्षी खड्डा रुंद होत होता. कान उतरलेल्या माणसाला मी एक हुकमी प्रश्न विचारायचे. तोच त्यांनाही विचारला, "गावाकडं रातकिडे ऐकू येतात का?"

"रातकिडं आता कुठं राह्यलं, मॅडम? फवारण्यांनी समदे मेले."

"आणि घरात कोण काय बोलतं ते कळतं?"

"बायकोचं कळतं, तिचा आवाज खणखणीत हाय. पोरगी हाय ना आमची, वैशाली, लहानपणी पोपटावाणी बोलायची. घरभर तिचाच आवाज. आता कॉलेजात गेली तशी पुटपुटती. आजकालच्या पोरी तोंडातल्या तोंडात बोलत्या."

मला गोड बोलणं जमत नाही. मी म्हटलं, "रातकिडे जिवंत आहेत, भाऊ, आणि पोरगीही नीट बोलते. तुमचे कान गेलेत. कानाला मशीन लावायला हवं."

त्यांची चेष्टा एकदम थांबली. दाराकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, "तेवढं डॉक्टरला सांगू नका. प्रेसवरून काढत्याल, गेटवर बशीवत्याल. गेटवर बसलेला माणूस मेल्यात जमा. पोरं येता-जाता हासत्यात."

"मी दिसतं तेच लिहिते."

लिहिलंही. चार हजारांवर जबर हानी, तीन हजारांवर तशीच, दोन हजारांवर उतार सुरू. या माणसाला गोंगाटातून हलवा. कारखान्याचे डॉक्टर मात्र पाचशे, एक हजार आणि दोन हजार या तीन जागांची सरासरी काढायचे. बोलणं ऐकायला तेवढं पुरतं, असा जुना समज. चार हजार त्या सरासरीत बसतच नाही. सरासरी ठीक आली आणि दत्तूभाऊ फिट ठरले. बस निघताना खिडकीतून त्यांनी मला मोठा सलाम ठोकला. मी हात हलवला नाही.

पुढच्या तपासणीला आम्हीच मशीन घेऊन कारखान्यात गेलो. तिथले सुरक्षा अधिकारी पाठकसाहेब मला आवर्जून प्रेस शॉपकडे, म्हणजे त्या प्रेसच्या रांगांकडे, घेऊन गेले. तरुण, सरळ, कामाची तळमळ असलेला मनुष्य, हे आधी सांगते. त्यांच्याकडे माल उचलणारी फोर्कलिफ्ट होती. मागे घेताना तिचा जुना भोंगा भसाड्या आवाजात भों करायचा. एकदा ती मागे येताना रॅकला धडकली, तेव्हा साहेबांनी खटपट करून नवा इलेक्ट्रॉनिक भोंगा बसवून घेतला. टीं, टीं, टीं.

"ऐका मॅडम. एकशे दहा डेसिबल! जुन्यापेक्षा कितीतरी मोठा."

मी वाकून भोंग्याच्या पाठीवरची पट्टी वाचली. साडेतीन हजार हर्ट्झ.

"साहेब, हा किती जोरात वाजतो ते कळलं. कुठे वाजतो ते बघितलंत का? तुमच्या प्रेसवरच्या जुन्या माणसांचे कान नेमके इथेच गेलेत. वर कानात बोळे. ते घालायलाच हवेत, पण तेही बारीक आवाज आधी अडवतात. तो भसाडा भों यांना ऐकू यायचा. हा येणार नाही."

"पण मॅडम, एकशे दहा आहे!"

"आवाज मोठा केल्यानं जागा बदलत नाही."

पाठकसाहेब अडेलतट्टू नव्हते. म्हणाले, करून बघू. जेवणाच्या सुट्टीत प्रेस बंद झाल्या तेव्हा जुन्या कामगारांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि फोर्कलिफ्ट मागे आणली. भोंगा वाजला, सगळे वळले. दत्तूभाऊ सगळ्यांच्या आधी वळले आणि बटण दाबल्यासारखा अंगठा हलवून माझ्याकडे बघत डोळा मिचकावला. शांततेत एकशे दहा डेसिबल दगडालाही ऐकू येतील.

"बघा," साहेब म्हणाले.

"आता प्रेस चालू करून बघा. बोळे घालून."

साहेबांनी माझ्याकडे मी काही भलतंच बोलल्यासारखं बघितलं. "चालू शॉपमध्ये माणसांना फोर्कलिफ्टकडे पाठ करून उभं करायचं? मॅडम, ते सुरक्षेच्या नियमात बसत नाही."

ते अगदी मनापासून म्हणाले. जे तिथे दिवसभर घडत होतं, त्याची परीक्षा घ्यायला नियम आडवा येत होता. मी त्यांच्याशी भांडले, डॉक्टरांशी भांडले. डॉक्टरांनी हो-हो करत नुसती मान हलवली. मान हलवण्याचा अर्थ मला तेव्हाही चांगला ठाऊक होता. निघताना दत्तूभाऊ फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही माझी नोकरी घालवूनच ऱ्हानार का?" हसत म्हणाले, पण विचारलं खरंच.

दिवाळीनंतर कारखान्याच्या नर्सचा फोन आला. दत्तूभाऊ पत्र्यांचा गठ्ठा नीट लावायला प्रेसपाशी वाकले होते. मागून फोर्कलिफ्ट भंगाराची पेटी घेऊन मागे येत होती. चालवणारा एका खांद्यावरून बघत होता, दुसरी बाजू त्याला दिसत नव्हती. प्रेसचा खांब आणि फोर्कलिफ्ट यांच्यामध्ये ते सापडले. रुग्णालयात पोचेपर्यंत संपलं होतं.

चौकशी झाली. भोंगा वाजत होता का? वाजत होता. चालवणाऱ्यानं सांगितलं, पलीकडच्या तरुण पोरांनी सांगितलं. सगळे खरंच सांगत होते. माणूस तपासणीत फिट होता का? होता. सुट्टीतल्या परीक्षेत भोंगा ऐकून वळला होता का? पहिला वळला होता. मग चूक कुणाची? दत्तूभाऊंचं लक्ष नव्हतं, असं ठरलं. मला कुणी विचारलं नसताना मी चौकशीवाल्यांकडे जाऊन माझं म्हणणं मांडलं. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि पुन्हा सरासरी दाखवली.

काही दिवसांनी पाठकसाहेब रुग्णालयात आले. बसले नाहीत. "भोंगा बदलला, मॅडम. खालच्या हर्ट्झचा लावला. वर दिवाही लावलाय, फिरता," एवढंच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. धीराचे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत, आणि ते निघाले नाहीत याचं मला अजूनही फारसं वाईट वाटत नाही.

मग वैशाली आली.

दत्तूभाऊंचीच उंची. ओपीडी संपायची वाट बघत बाकावर बसून होती. मी खोली बंद करायला निघाले तशी उठली. "तुम्ही अण्णांचे कान तपासायच्या ना? ते तुमच्या नकला करून दाखवायचे. टूं ऐकू आलं की दाबा." बोलता बोलता तिनं ओठ घट्ट दाबले. मी तिला आत बसवलं.

"मला एकच विचारायचंय. सगळे म्हणतात भोंगा वाजत होता. अण्णा फिट होते. मग ते हलले का नाहीत?" मी उत्तर देणार, तेवढ्यात तिनं घाईघाईनं पुढचं विचारलं. "ते मुद्दाम उभे राहिले का?"

मी किल्ली टेबलावर ठेवली आणि तिच्यासमोर बसले.

"आमच्याकडे सगळ्यांच्या मनात तेच आहे, कुणी बोलत नाही," ती म्हणाली. "अण्णा घरात बोलायचेच नाहीत हल्ली. बाहेर सगळ्यांना हसवायचे आणि घरी टीव्हीसमोर बसून राहायचे. मी काही सांगितलं की नुसतं हं. आईला वाटायचं, मी एका स्थळाला नाही म्हटलं म्हणून ते आतून खचलेत. त्या दिवशी सकाळी मी काहीतरी सांगत होते, त्यांनी पुन्हा हं केलं. मला राग आला. मी म्हटलं, तुमच्याशी बोलून काही उपयोग नाही अण्णा, तुम्ही घरात असून नसल्यासारखे आहात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले, म्हणाले, बरं बाई. आणि कामावर गेले." तिनं माझ्याकडे मान वर करून बघितलं. "असं कोण हसतं?"

मी तिला खूप समजावून सांगू शकले असते. खड्डा, हर्ट्झ, सरासरी, सगळं. पण बोलून काय होतं ते मी कारखान्यात बघून आले होते. आमच्याकडे संगणकावर एक सोय होती, शिकाऊ मुलांसाठी. आवाज भरायचा आणि त्यातले हवे ते हर्ट्झ कापून टाकायचे, म्हणजे पेशंटला काय ऐकू येतं ते शिकणाऱ्याला कळतं. मी तिच्यापुढे माइक ठेवला. "ते वाक्य म्हण. त्या सकाळी म्हटलंस तसंच."

तिनं म्हटलं. एका दमात, अगदी तसंच म्हटलं असावं.

मी तिला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला, लाल उजवीकडे, निळा डावीकडे. तिच्या आवाजातले दोन हजारांच्या वरचे सगळे हर्ट्झ कापले, मागे टीव्ही आणि पंख्याचा आवाज मिसळला आणि कळ दाबली. माझ्या कानांनाही तेच जात होतं. 'अण्णा' तेवढं कळत होतं. बाकीच्या वाक्याच्या जागी भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसा घोळ. रागानं बोललंय की लाडानं, तेही सांगता आलं नसतं. आपली पोरगी आपल्याशी काहीतरी बोलतेय, एवढंच कळत होतं. माणूस अशा वेळी काय करणार? हसणार आणि बरं बाई म्हणणार.

वैशालीनं काचेतून माझ्याकडे बघितलं. "परत," तिचे ओठ म्हणाले. मी परत लावलं. मग तिनं हेडफोन न काढताच विचारलं, "म्हणजे मी बोलले ते अण्णांना कळलंच नाही?"

"नाही."

"भोंगाही नाही?"

"प्रेस चालू असताना तर अजिबातच नाही."

तिनं डोळे मिटले. किती दिवसांचा अडकलेला श्वास सोडला, ते मला दिसलं. मला वाटलं, चला, या खोलीत इतकी वर्षं बसले त्याचं आज काहीतरी झालं. मी हेडफोन काढायला आत गेले. तशी तिनं माझा हात धरला.

"मग त्याआधीचं? मी कॉलेजात पहिली आले तेव्हा सगळ्यात आधी त्यांना सांगितलं होतं. स्थळाला नाही का म्हटलं, तेही त्यांनाच समजावून सांगितलं होतं, आईला नाही. त्यांनी हं केलं म्हणून मला वाटलं, त्यांना कळलंय. तेही नाही?"

खोटं बोलणं मला कधी जमलं नाही, आणि त्या दिवशी जमायला हवं होतं. मी दुसऱ्या हातानं तिचा हेडफोन काढला, तेवढ्यावरून तिला कळलं. बाहेर झाडूवाल्या मावशी बादल्या आपटत होत्या.

जाताना दारात वळून म्हणाली, "माझ्याबद्दल कधी काही बोलले होते का तुमच्याजवळ?"

"बोलले होते," मी म्हटलं. "म्हणाले, आमची पोरगी लहानपणी पोपटासारखी बोलायची. घरभर तिचाच आवाज."

ती पहिल्यांदा हसली. अगदी बापासारखी. "आणि?"

"एवढंच," मी म्हटलं, पुढचं पुटपुटण्याचं गाळून. माझा हात तोंडावर होता.